तेजीच्या दशकात अमेरिका बदलली, उतरंड मात्र टिकली

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश काढला. शिक्षणकर्ज काढून परदेशी जाण्याची तयारी करणाऱ्या आपल्या अनेक तरुणांच्या घरात त्या रात्री झोप लागली नसेल. त्याच दिवसांत अमेरिकेचा शेअर बाजार नवे उच्चांक गाठत होता आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर कंपन्या अब्जावधी डॉलर ओतत होत्या. घरात पैशाचा पूर आणि दाराला कडी, असे हे चित्र आहे. ते नवे नाही. शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात, अमेरिकेने हेच केले होते. ते दशक समजून घेतले तर आजची अमेरिका समजते, आणि ‘विकास झाला की भेदभाव आपोआप जातो’ या दाव्याची परीक्षाही होते.

हप्त्यावरची मोटार

१९२० च्या जनगणनेत अमेरिकेची शहरी लोकसंख्या पहिल्यांदाच ग्रामीण लोकसंख्येपेक्षा जास्त भरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने निवडणुकीचे निकाल रेडिओवरून सांगितले. १९३० पर्यंत दर दहापैकी चार घरांत रेडिओ आला होता. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळत असे. असेंब्ली लाइनमुळे १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिची किंमत ३०० डॉलरच्या खाली आली. मोटार, रेडिओ, शिवणयंत्र हे सारे हप्त्याने मिळू लागले. स्त्रियांना १९२० मध्ये घटनादुरुस्तीने मतदानाचा हक्क मिळाला. त्यांचे केस आखूड झाले, स्कर्ट वर गेले, कार्यालयांत टंकलेखिका आणि टेलिफोन ऑपरेटर म्हणून तरुण मुली दिसू लागल्या.

हा बदल खरा होता, तो नाकारण्याचे कारण नाही. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने इंडियाना राज्यातील मन्सी शहराचा अभ्यास करून १९२९ मध्ये ‘मिडलटाउन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. समाजशास्त्राचे विद्यार्थी तो आजही वाचतात. दारात मोटार आहे पण घरात न्हाणीचा टब नाही, अशी कुटुंबे त्यांना भेटली. आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो तेव्हा हप्त्यावरचा महागडा मोबाइल आणि सार्वजनिक नळावरची रांग एकाच घरात पाहतो, त्यामुळे ही नोंद आम्हाला परकी वाटत नाही. वस्तू घरात आली म्हणजे माणसाची पत वाढली असे नाही. १९२९ मध्ये जवळपास ६० टक्के अमेरिकी कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न दोन हजार डॉलरहून कमी होते, आणि मूलभूत गरजा भागवायला साधारण तेवढे लागत होते. शेतकऱ्यांची मंदी तर दशकाच्या सुरुवातीलाच सुरू झाली होती.

त्या ग्रंथाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मन्सीमध्ये कृष्णवर्णीय लोक राहत होते, पण लिंड दांपत्याने अभ्यासासाठी मुख्यतः अमेरिकेत जन्मलेले गोरे लोकच धरले. ‘सामान्य अमेरिकन शहरा’च्या चित्रातून कृष्णवर्णीय माणूस असा वगळला गेला.

जाझ चालेल, शेजारी नको

याच काळात दक्षिणेकडील लाखो कृष्णवर्णीय लोक जमीनदारांची वेठ आणि झुंडींच्या हत्या मागे टाकून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कला गेले. न्यूयॉर्कचे हार्लेम त्यांच्या साहित्याचे, संगीताचे आणि राजकारणाचे केंद्र बनले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथून हार्लेम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे मोठा कवी झालेला लँग्स्टन ह्यूज १९२१ मध्ये याच कोलंबियात दाखल झाला आणि वर्षभरात बाहेर पडला. तिथला वर्णभेद हे त्याचे एक कारण होते.

हार्लेमच्या प्रसिद्ध कॉटन क्लबमध्ये रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि समोर गोरे प्रेक्षक अशी व्यवस्था होती. कृष्णवर्णीय ग्राहकांना तिथे सहसा प्रवेश नव्हता. कला घ्यायची आणि कलावंताला पंगतीत घ्यायचे नाही, हा व्यवहार ओळखायला आपल्याला वेगळ्या चष्म्याची गरज नाही. १९२७ च्या ‘द जाझ सिंगर’ या गाजलेल्या बोलपटात गोरा नायक तोंडाला काळे फासून गातो.

आणि ज्यांनी स्वतःची संपत्ती उभी केली त्यांचे काय झाले? ओक्लाहोमातील टल्सा शहराच्या ग्रीनवुड भागात कृष्णवर्णीयांची दुकाने, हॉटेले, दवाखाने, वृत्तपत्रे होती. ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्या झुंडीने सुमारे ३५ चौक जाळून टाकले. विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली. या हल्ल्यातून वाचलेल्या, वयाची शंभरी ओलांडलेल्या दोन महिलांचा भरपाईचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला. आर्थिक प्रगती केली की समाज मान देतो, असे आपल्याकडेही सांगितले जाते. ग्रीनवुडमध्ये लोकांनी प्रगतीच केली होती, आणि तीच गोऱ्या झुंडीच्या डोळ्यांत खुपत होती.

कू क्लक्स क्लॅन ही संघटनाही याच दशकात फोफावली. तिचे सदस्य लाखोंच्या घरात गेले आणि ऑगस्ट १९२५ मध्ये तिने वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरून उघडपणे प्रचंड मोर्चा काढला. हे सदस्य सारेच गावंढळ, बेकार लोक नव्हते. त्यांत दुकानदार, कारकून, धर्मोपदेशक होते. बदलाचा वेग वाढला की वरच्या पायरीवरचा माणूस आपली पायरी सांभाळायला एकत्र येतो, हे यातून दिसते.

गोरेपणासाठी जातीचा दाखला

१९२४ च्या इमिग्रेशन कायद्याने देशवार कोटे ठरवले. त्यासाठी मुद्दाम १८९० ची जनगणना आधाराला घेतली, कारण त्या वेळी दक्षिण आणि पूर्व युरोपातील लोक अमेरिकेत कमी होते. आशियाई लोकांना जवळपास पूर्ण बंदी झाली. भारतीयांवर ती १९१७ पासूनच होती.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे प्रकरण १९२३ चे आहे. पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. तेव्हाच्या कायद्याने ‘गोरे’ आणि आफ्रिकी वंशाचे लोक एवढ्यांनाच अर्ज करून नागरिकत्व मिळे. थिंद यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात मांडलेला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. उच्चजातीय भारतीय हे आर्य वंशाचे आहेत, जातीच्या बंधनांमुळे त्यांचे रक्त शुद्ध राहिले, आणि विवाहाच्या बाबतीत ते भारतातील मूलनिवासींकडे त्याच नजरेने पाहतात जशी गोरी अमेरिका कृष्णवर्णीयांकडे पाहते, असा तो युक्तिवाद होता. गोरेपणाची अटच अन्यायकारक आहे, असे त्यांनी म्हटले नाही. आपण त्या अटीत बसतो, एवढेच म्हटले.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने ते फेटाळले. विद्वान काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीत हा माणूस गोरा नाही, असा निकालाचा आशय होता. त्यानंतर आधीच नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व सरकारने काढून घेतले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई हे त्यांपैकी एक. नागरिकत्व गेल्यावर त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. या माणसांवर झालेला अन्याय मोठाच होता. पण दुसऱ्याच्या उतरंडीत जागा मिळवण्यासाठी आपली उतरंड पुढे केली की दोन्ही उतरंडी मजबूत होतात, हा धडाही त्यात आहे.

शंभर वर्षांनी चित्र उलटे झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक मंजूर केले, पण गव्हर्नरांनी ते ऑक्टोबर २०२३ मध्ये परत पाठवले. आहे तो कायदा पुरेसा आहे, असे कारण दिले. या दोन्ही वेळी विरोध करणाऱ्या भारतीय संघटनांचा एक सूर होता की अमेरिकेत जात नाहीच. १९२३ मध्ये न्यायालयात जी जात अभिमानाने मांडली, ती २०२३ मध्ये अस्तित्वातच नाही म्हणायची? सोय बदलली की जात दिसते किंवा अदृश्य होते, असे मानावे लागेल.

मग बदल कुठून आला?

त्याच दशकात ऑगस्ट १९२५ मध्ये हार्लेममध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांतील कृष्णवर्णीय पोर्टरांनी संघटना बांधली. प्रवासी या पोर्टरांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, मालक जॉर्ज पुलमनच्या नावावरून. गुलामाला मालकाच्या नावाने हाक मारण्याचीच ही रीत होती. तुटपुंजा पगार, टिपवर अवलंबून आयुष्य, दिवसरात्र काम. याच पोर्टरांनी ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र दक्षिणेतल्या गावोगावी पोहोचवले. कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडले. मधल्या बारा वर्षांत तेजी आली, गेली, १९२९ ची घसरण झाली, महामंदी आली, संघटना टिकली. पुढे १९५५ चा माँटगोमेरीचा बस बहिष्कार उभा करण्यात ई. डी. निक्सन हे पोर्टरच पुढे होते, आणि १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या अग्रभागी रँडॉल्फ होते.

तेजीने अमेरिकेला मोटार, रेडिओ, सिनेमा दिला. नागरी हक्क तेजीने दिले नाहीत, ते संघटनेने मिळवले. १९६५ मध्ये देशवार कोटे रद्द झाले तेही नागरी हक्क चळवळीच्या वातावरणात. आज अमेरिकेत असलेला प्रत्येक भारतीय अभियंता त्या कृष्णवर्णीय लढ्याचा ऋणी आहे, हे त्याला ठाऊक असो वा नसो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले होते. हे नाते जुने आहे.

म्हणून परदेशी जाणाऱ्या आपल्या भावाबहिणींना आम्ही एवढेच सांगू, की जरूर जा, शिका, कमवा. पण तिथे पोहोचल्यावर कोणाच्या पंगतीत जागा मागायची आणि कोणाच्या लढ्यात खांद्याला खांदा लावायचा, हे आधीच ठरवून जा. आणि इथे राहणाऱ्यांनी विकासदराचा आकडा ऐकताना विचारावे, की या तेजीत संघटना कोणाची वाढली? आपली, की आपल्याला पायरीवर ठेवू पाहणाऱ्यांची?