डाव्या हातचा मळ

लग्नकार्यात कुणी नवीन माणूस शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला की माझ्या पोटात गोळा येतो. कारण पुढचा संवाद मला पाठ आहे.

"आपण काय करता?"

"बँकेत होतो. आता निवृत्त. बाकी ऑर्केस्ट्रात वाजवतो."

"अरे वा! काय वाजवता?"

"बास."

"अहो, बास कसं? आत्ताशी तर बोलायला सुरुवात झाली!"

मग मी 'बास गिटार' असं पूर्ण नाव सांगतो. "म्हणजे गिटारच ना?" "हो, पण चार तारांची." "का? दोन तुटल्या?" एवढं झालं की सद्गृहस्थ जिलबीकडे वळतात आणि मी मठ्ठ्याकडे.

चाळीसहून अधिक वर्षं मी हे वाद्य वाजवतो आहे आणि आजवर त्याचं नावसुद्धा मला धड सांगता आलेलं नाही. मराठी भाषेनंच माझा घात केला आहे. ऑर्केस्ट्रा सुरू होण्यापूर्वी आवाजाची चाचणी होते. एकदा माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून मी रंगमंचावरून साउंडवाल्याला हातवारे करत ओरडलो, "बास! बास!" त्या आज्ञाधारक माणसानं ताबडतोब माझा होता तोही आवाज बंद केला आणि वर अंगठा दाखवला. सबंध कार्यक्रम मी मूकनाट्य केलं. मानधन मात्र पूर्ण मिळालं, कारण फरक कुणाच्याच लक्षात आला नाही. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं.

आता कुणी हौसेनं बासवादक होत नाही, हे मी सुरुवातीलाच कबूल करतो. १९७९ साली दादरला आम्ही पाच जणांनी ऑर्केस्ट्रा काढायचं ठरवलं. पाचांपैकी चौघांना गिटार येत होती आणि चौघांनाही 'लीड' वाजवायची होती. त्या बैठकीला मी लोकल चुकल्यामुळे वीस मिनिटं उशिरा पोचलो. तोवर लोकशाही मार्गानं ठराव पास झाला होता. क्रिकेटमध्ये ज्याला काहीच येत नाही त्याला जसा लाँगऑनला उभा करतात, तसा मी ड्रमच्या शेजारी, पडद्याच्या दोऱ्यांजवळ उभा राहिलो. अजून तिथंच आहे.

माझा पहिला बास मी एका सुताराच्या ओळखीनं, ज्याला वाद्यापेक्षा लाकडाची जास्त माहिती होती अशा माणसाकडून घेतला. तारा आणि पट्टी यांच्यात एवढं अंतर होतं की मधून मांजर गेलं असतं. चांगल्या वाद्याच्या मानेत एक लोखंडी सळई असते. लाकूड वाकलं तर ती फिरवून मान सरळ करता येते. माझ्या बासच्या मानेत ती नव्हती. त्यामुळे जूनमध्ये मृग लागला की मान वाकायला लागे आणि गणपतीपर्यंत तिचं धनुष्य होई. ऐन हंगामात मी एकाच गाण्यात तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवत असे. गायकाला वाटे, आपलाच घसा बसला.

तारांची कथा आणखी हृदयद्रावक आहे. बासच्या तारा सहसा तुटत नाहीत, त्या मरतात. तारेवर जी बारीक तार गुंडाळलेली असते तिच्या खाचांत घाम, तेल आणि मळ जाऊन बसतो आणि 'टण्ण' वाजणारी तार 'थप्प' वाजू लागते. नवीन तारा घ्याव्यात तर पगार आडवा येई. त्यावर गरीब बासवादकांचा जगभर एकच उपाय आहे, तो म्हणजे तारा उकळणे. दहा मिनिटं उकळून कोरड्या केल्या की मळ सुटतो आणि चारदोन कार्यक्रम निघतात. आमच्या सौ.नं पहिल्यांदा पिठल्याच्या पातेल्यात वेटोळी घातलेल्या चार तारा पाहिल्या, तेव्हा शांतपणे विचारलं, "मीठ कधी घालू?" त्यानंतर त्या पातेल्याला घरात 'बासाचं पातेलं' असं नाव पडलं आणि त्यात पुन्हा पिठलं शिजलं नाही.

अ‍ॅम्प्लिफायर म्हणून आम्ही जे भाड्यानं आणायचो, ते सभेतल्या भाषणांसाठी बनवलेलं यंत्र होतं. पुढाऱ्यांची भाषणं पचवलेला तो कर्णा माझ्या खालच्या सुराला मात्र टिकत नसे. पहिल्याच गाण्यात फडफडू लागे आणि अंतऱ्यापर्यंत कागद फाटे. याला कारण आहे. माझी सगळ्यात जाड तार सेकंदाला जेमतेम एकेचाळीस वेळा थरथरते. माणसाचा कान मुळात वीसच्या खाली ऐकतच नाही, म्हणजे मी जवळजवळ तळघरातच राहतो. एवढा खालचा सूर मोठ्यानं काढायचा तर भरपूर हवा हलवावी लागते. तो भार पेलणारी पेटी दोन माणसं उचलतात. गायकाचा माइक खिशात मावतो, बासरीवाला बासरी काखेत मारून लोकलनं येतो आणि बासवाल्याला टेम्पो लागतो. टेम्पोचं भाडं आणि माझी नाईट यांत बऱ्याचदा टेम्पोवाला सुखी असे.

अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या गृहस्थांनी १९५१ साली पहिला प्रिसिजन बास बाजारात आणला. त्याआधी हे काम उभ्या, कपाटाएवढ्या डबल बासवर चाले. त्यावर पडदे नसतात, सूर अंदाजानं शोधावा लागतो. फेंडरनं पडदे बसवले, म्हणून नाव 'प्रिसिजन', म्हणजे नेमका. १९६० साली त्यांनीच जॅझ बास काढला. या दोहोंत चांगला कोणता, यावर जगातले बासवादक तेव्हापासून भांडताहेत. मीही तावातावानं भांडलो आहे. त्या वेळी दोन्हींपैकी एकाही बासला मी हात लावलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी. धोबीतलावला दुकानाच्या काचेला नाक लावून वाद्यं पाहायची आणि दादरला येऊन मतं मांडायची, असा तो काळ होता.

शेवटी १९८६ साली बोटीवर नोकरीला असलेल्या एका गोवेकर मित्रानं सिंगापूरहून एक जुना जपानी बास आणून दिला. किंमत माझ्या चार पगारांएवढी. घरात त्याच चार पगारांतून फ्रिज यायचा होता. मी सौ.ला म्हणालो, "फ्रिज काय, वर्षभरानं घेऊ." ती म्हणाली, "घ्या. पण लोणी कुठं ठेवायचं ते तुमच्या बासला विचारा." फ्रिज तीन वर्षांनी आला. ती तीन उन्हाळी बासच्या हिशेबात धरावीत, अशी तिची अजून मागणी आहे.

एवढं करून गायक मंडळी काय करतात? माझ्या चार मोकळ्या तारा म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. यापैकी एका पट्टीत गाणं असलं की हाताला जरा विसावा मिळतो. पण देवानं गायकांचे घसे घडवताना पांढऱ्या पट्ट्या संपल्या असाव्यात. आमच्या गायिकेला काळी एक लागते आणि गायकाला काळी चार. पावसाळ्यात घसा धरला तर 'जरा अर्ध्यानं खाली घ्या हं' असं माइक तोंडासमोर आल्यावर सांगतात. तेही गोड हसून!

आणि टाळ्या? 'यादों की बारात' या १९७३ सालच्या चित्रपटातल्या 'चुरा लिया है'च्या सुरुवातीला काचेवर चमच्यानं किणकिण केल्याचा आवाज आहे. आमच्याकडे ते गाणं घेतलं की ड्रमवाला काचेचा पेला उंच धरून चमचा मारतो आणि सगळं नाट्यगृह टाळ्यांनी दणाणतं. नंतरचं सगळं गाणं मी वाजवतो. चाळीस वर्षांत मला जेवढ्या टाळ्या पडल्या नाहीत, तेवढ्या त्या पेल्याला पडल्या आहेत. मध्यंतरात त्याच पेल्यातून मी पाणी प्यालो आहे. काही फरक पडला नाही.

हे सगळं मी हसत सोसलं. पण गेल्या वर्षी आयोजकांचा फोन आला आणि माझा तोल गेला. "काका, पुढच्या कार्यक्रमापासून तुम्ही दगदग करू नका. आपला नवीन पोरगा कीबोर्डवर बास मारतो. त्याच्या डाव्या हातचा मळ आहे तो!"

डाव्या हातचा मळ! वाचकहो, माझं भांडण आहे ते इथं.

आयोजकांचा हिशेब मला कळतो. एक नाईट वाचते, टेम्पो वाचतो. पण मग तसं म्हणा! 'परवडत नाही' म्हणा, मी नमस्कार करून घरी बसतो. 'गरज नाही' असं का म्हणता? त्या पोरानं तर मला मोबाइलवर पुरावाच काढून दाखवला, की 'द डोअर्स' या अमेरिकन बँडमध्ये बासवादक नव्हता, रे मँझारेक डाव्या हातानंच बास वाजवायचा. खरं आहे. रंगमंचावर तसंच होतं. पण तीच मंडळी ध्वनिमुद्रणाला बसली की बासवादकाला बोलावत. १९७१ सालच्या 'एल. ए. वुमन'वर जेरी शेफचा बास आहे. म्हणजे कायमचं टिकवायचं म्हटलं की माणूस लागतोच!

यंत्रानंही हा प्रयोग करून पाहिला आहे. रोलँड या जपानी कंपनीनं १९८१ साली टीबी ३०३ नावाचं खोकं काढलं, ते एकट्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून. त्यातून खऱ्या बासचा आवाज काही निघेना. १९८४ पर्यंत त्याचं उत्पादन थांबलंसुद्धा. पुढे त्या खोक्याचं सोनं केलं ते त्याच्याकडून बासची नक्कल करून घेणं ज्यांनी सोडून दिलं त्यांनी. त्यात आपले मुंबईचे चरणजित सिंग फार लवकरचे. त्यांनी १९८२ सालीच त्यावर रागांची तबकडी काढली. तात्पर्य, नक्कल फसली आणि वेगळेपण टिकलं.

बासचा सूर नुसता सुरू करायचा नसतो, तो थांबवायचा असतो. ड्रमवाल्याच्या पायाकडे डोळा ठेवून, त्याचा ठोका पडेल तेव्हाच सूर सोडायचा आणि पुढच्या ठोक्याआधी तारेवरचं बोट हलकेच उचलून गप्प करायचा. त्या गप्प बसण्यातच गाण्याची चाल आहे. डाव्या हाताला हे जमणार नाही असं मी म्हणत नाही, पण त्या हातानं आयुष्य द्यावं लागतं. उजव्या हाताला टाळ्या पडत असताना उरलेल्या वेळात ते होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, लोकांना बास हवाच असतो की! मिरवणुकीत पाहा! तोच तर माझा दुसरा शत्रू आहे. मोबाइलच्या एवढ्याशा भोकातून माझा खालचा सूर निघूच शकत नाही. वरच्या खुणांवरून आपला मेंदू बिचारा तो मनानं भरून काढतो. आणि दुसऱ्या टोकाला डीजेच्या भिंती, ज्यांच्यापुढून जाताना बरगड्या आणि खिडकीची तावदानं एकाच तालात हलतात. एकीकडे उपासमार, दुसरीकडे अजीर्ण. साधं वाढलेलं ताट कुठं मिळतच नाही.

नव्या व्यवस्थेतला पहिला कार्यक्रम मी पास घेऊन, सौ.सह चौथ्या रांगेत बसून पाहिला. पोरगा हुशार आहे, खोटं कशाला बोलू? गाणी झकास चालली होती. तिसऱ्या गाण्याला सौ.नं पदर सावरत इकडंतिकडं पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं.

"अहो, एसी बंद पडला का?"

एसी व्यवस्थित चालू होता.

"मग काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

लग्नानंतर इतक्या वर्षांत 'तुमचं नक्की कुठलं वाजत होतं?' हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमानंतर विचारणारी हीच बाई! मी काही बोललो नाही. मध्यंतरात तिला बटाटावडा मात्र दोन प्लेट घेऊन दिला.

त्या पोरालाही काहीतरी खुपलं असावं, कारण पंधरा दिवसांनी तो घरी आला. "काका, जरा दाखवता का?" मी जपानी बास त्याच्या गळ्यात अडकवला. अर्ध्या तासात त्याच्या डाव्या हाताची चार बोटं लाल झाली. मी माझी बोटं त्याच्यापुढं धरली. घट्टे पाहून तो गप्प बसला. डाव्या हातचा मळ असा दिसतो, बाबा! साबणानं जात नाही.

तो गेला आणि दहा मिनिटांत बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका. माझा सूर नाट्यगृहात कुणाला ऐकू जात नसला, तरी भिंती आणि फरशा भेदून तो या गृहस्थांपर्यंत बरोबर पोचतो. तीस वर्षं ते नेमानं तक्रार करत आले आहेत. मी सवयीनं म्हटलं, "माफ करा, बास करतो आता."

"ते राहू द्या," काका म्हणाले. "पण आज कोण वाजवत होतं? तुम्ही नव्हतात. तुम्ही अशी घाई करत नाही."