रोलर की मालिश? भांडणच फुकटचं!

हॅमस्ट्रिंग मोकळे करायला फोम रोलर बरा की मसाज, यावर जिममध्ये लोक तावातावाने भांडतात. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत असतं. मांडीत मागे 'गाठी' झाल्यात आणि त्या दाबून फोडायच्या! माझा राग आहे तो या एकमतावर.

मांडीवर फॅशिया लाटा नावाचं एक चिवट आवरण असतं. ते दाबून नुसतं १ टक्का बदलायला किती जोर लागेल, याचं गणित चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलं. उत्तर आलं, माणसाच्या आवाक्याबाहेर. तेव्हा रोलरवर लोळून फॅशिया 'रिलीज' वगैरे होत नाही. (आमच्या रिलीजला निदान रिलीज नोट्स तरी असतात :-) )

बरं, मग लोळल्यावर हात खरंच पुढे जातो त्याचं काय? जातो की! २०१३ च्या एका अभ्यासात हॅमस्ट्रिंगवर पाच-दहा सेकंद रोलर फिरवून सिट अँड रीचमध्ये सुमारे ४ टक्के फरक पडला. पण दहा सेकंदांत स्नायू लांब होत नसतो हो! मेंदू 'बास' कुठे म्हणतो, ती रेघ थोडी सरकते, इतकंच. आणि गंमत म्हणजे, एका पायावर रोलर फिरवला तर हात न लावलेल्या दुसऱ्या पायाची हालचालही वाढल्याचं प्रयोगांत दिसलंय. आता त्या पायातली गाठ कोणी फोडली?

मसाजचंही तेच. अंग हलकं होतं, व्यायामानंतरचं दुखणं कमी होतं, त्यासाठी खुशाल करा. पण लवचिकतेसाठी हजारो रुपयांचं पॅकेज घेणं म्हणजे मेमरी लीक असलेला सर्व्हर रोज रीस्टार्ट करण्यासारखं आहे. थोडा वेळ बरा चालतो, बग तिथेच.

टिकाऊ फरक हवा तर आठवडेच्या आठवडे नेमाने स्ट्रेचिंग करायला हवं. किंवा रोमानियन डेडलिफ्टसारखे व्यायाम, ज्यात स्नायू ताणला जाता जाता वजन पेलतो. अशा व्यायामाने स्नायूतंतूंची लांबी वाढलेली मोजून पाहिलेली आहे. पण यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून कोणी बोलत नाही. असो.

आणखी एक. मांडीमागची ओढ दरवेळी स्नायूचीच असते असं नाही, सायटिक नसही तिथूनच जाते. मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल तर रोलरही नको आणि मालिशवालाही नको. आधी डॉक्टरला दाखवा.