तुटलेली शिरोरेषा

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. मराठीत काही चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं!

मिनी प्रोजेक्टमध्ये आम्ही होस्टेलच्या मेससाठी अ‍ॅप केलं. कोण जेवणार नाही हे आदल्या रात्री कळवायचं, म्हणजे काकांना पोळ्यांचा अंदाज येतो. टेस्टिंग अर्थात इंग्लिशमध्ये. कोडमध्ये स्मॉल अक्षरांत लिहिलेली लेबलं स्क्रीनवर सगळी कॅपिटल, जणू बटण अंगावर खेकसतंय! शोधलं तेव्हा कळलं, 2018 मध्ये आलेल्या मटेरियल कंपोनंट्स थीममध्ये बटणावरचा मजकूर आपोआप कॅपिटल होतो. आम्ही सिनियर्सच्या कोडमधून तीच जुनी पद्धत उचललेली. देवनागरीत कॅपिटल नाहीतच, तेव्हा मराठीला काही होणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. बघितलं मात्र नाही.

काकांनी फोन लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला. "ताई, हे दात पडल्यागत काय लिहिलंय?"

खरंच, प्रत्येक अक्षर सुटं आणि शिरोरेषेचे तुकडे! त्या थीममध्ये 14 एसपीच्या अक्षरांमध्ये सव्वा एसपी जागा सोडलेली होती. रोमन कॅपिटल जरा सुटी असली की वाचायला बरी पडतात. आपली अक्षरं मात्र एका रेघेला लटकलेली. रेघ तुटली की शब्द कुठे संपला ते डोळा शोधत बसतो. (शाळेत शिरोरेषा देत नाही म्हणून बाई माझा अर्धा मार्क कापायच्या. तेव्हा फार राग यायचा.)

बटणं दोन होती, 'यादी बघा' आणि 'यादी पुसा'. चुकून पुसली तर? या भीतीने काकांनी फोन बाजूला ठेवला, सगळ्यांच्या पोळ्या लाटल्या आणि रात्री टोपलीभर उरल्या.

ग्रुपमधला एक जण म्हणाला, "इंग्लिशच ठेव ना, सगळ्यांना येतं." सगळ्यांना म्हणजे आपल्याला! काका सातवी शिकलेत, हिशोब आपल्यापेक्षा चोख. दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता, माझ्या आळसाचा होता. माझं तर म्हणणं आहे, व्हायव्हाला प्रत्येक ग्रुपने मराठी स्क्रीन दाखवलीच पाहिजे, आणि ती आधी मेसमध्ये कोणाकडून तरी वाचून घेतलेली असावी.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. कॅपिटल बंद, अक्षरांमधली जागा शून्य. काकांना पुन्हा फोन दिला.

"आता बरं दिसतंय," म्हणाले. "पण वही ठेवतोच."