ऋण काढून उपवास

आमच्या महाविद्यालयातील सेवकांची एक छोटी सहकारी पतसंस्था आहे. तिच्या कर्ज समितीवर काम करण्याचा योग प्रस्तुत लेखकाला काही वर्षे आला. कर्जाच्या अर्जांवरील कारणे बहुधा ठरावीक असतात : मुलीचे लग्न, मुलाच्या शिक्षणाची फी, घराची दुरुस्ती, वडिलांची शस्त्रक्रिया. एकदा मात्र कार्यालयातील एका वरिष्ठ लिपिकाचा अर्ज आला आणि त्यावर 'वजन कमी करण्याचे उपचार' असे कारण स्वच्छ अक्षरात नोंदलेले होते. रक्कम चाळीस हजार रुपये. कर्ज नामंजूर करण्यास काही आधार नव्हता. ते मंजूर झाले. त्या पैशात त्या गृहस्थांना तीन महिन्यांचे 'पॅकेज' मिळाले. कमरेभोवती थरथरणारा पट्टा, रात्रीच्या जेवणाऐवजी दुधात कालवून घ्यावयाची एक पूड आणि एक छापील आहारतक्ता. नऊ किलो वजन उतरले. पुढे दीड वर्षाने कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला, तोवर त्यांतील आठ किलो परत आलेले होते. ऋण काढून सण करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ऋण काढून उपवास करण्याची नवी म्हटली पाहिजे.

हा प्रसंग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या गृहस्थांना मधुमेह आहे, आणि 'वजन कमी करा' हा डॉक्टरांचा सल्ला बरोबरच होता. पण तो कसा अमलात आणावयाचा हे दोन मिनिटांच्या तपासणीत कोणी सांगितले नाही. जी जागा रिकामी राहिली ती बाजाराने भरून काढली.

लठ्ठपणा हा शेठजींचा आजार, अशी आपली जुनी समजूत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे ती आता टिकू देत नाहीत. २०१५-१६ च्या पाहणीत प्रौढ स्त्रियांपैकी २०.६ टक्के व पुरुषांपैकी १८.९ टक्के प्रमाणाबाहेर वजनाचे होते. २०१९-२१ मध्ये हेच आकडे २४ व २२.९ टक्क्यांवर गेले. याच दुसऱ्या पाहणीत १८.७ टक्के स्त्रियांचे वजन गरजेपेक्षा कमी भरले आणि पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची खुंटलेली आढळली. म्हणजे भूक पुरती हटलेली नाही, तोच तिच्या शेजारी लठ्ठपणाने बिऱ्हाड केले आहे, आणि पुष्कळदा ही दोन्ही बिऱ्हाडे एकाच घरात असतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच दोन छायाचित्रे छापली होती. उंची व वजन यांच्या गुणोत्तरावरून काढलेला देहभार निर्देशांक दोघांचाही नेमका २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगी ती ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के. आपल्याकडील सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही चाळिशीत मधुमेह का गाठतो, याचे मर्म या दोन आकड्यांत आहे. स्नायू कमी, चरबी अधिक आणि तीही पोटाभोवती, अशी आपली ठेवण. आणि तिची मुळे गर्भावस्थेतील कुपोषणापर्यंत पोहोचतात, असे पुण्याजवळच्या खेड्यांतील याज्ञिकांचे दीर्घ संशोधन सुचविते. म्हणून काट्यावरील वजनापेक्षा कमरेची फीत अधिक खरे बोलते. पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटर ही सीमा लक्षात ठेवावी. फीत शिंप्याकडेही मिळते, आणि ती वापरण्यास पॅकेज लागत नाही.

आता थोडा हिशेब. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. आपला शिक्षक किंवा कारकून दिवसात चार कप चहा घेतो. कपामागे दोन चमचे साखर धरली तर चाळीस ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने दिवसाला २० ते २५ ग्रॅम साखरेची मर्यादा सांगितली आहे. ती आपण दुपारच्या चहालाच ओलांडतो. उलट अर्धा तास झपाट्याने चालल्यावर जेमतेम सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्ची पडतात. म्हणजे सकाळची सारी रपेट चहातील साखरेचीही भरपाई करीत नाही. वाटेतल्या वडापावची गोष्टच नको. अर्थात शरीर हे काही बँकेचे खाते नव्हे. खाणे घटले की तेही आपला खर्च आखडते आणि भूक वाढविते. त्यामुळे वजन या सरळ भागाकाराने उतरत नाही, आणि ते न उतरल्याचा सगळा दोष माणसाच्या निग्रहावर टाकणे अन्यायाचे होते.

मग व्यायाम कशासाठी? स्नायू टिकविण्यासाठी. केवळ उपाशी राहून जे वजन जाते त्यात स्नायूही जातात आणि परत येते ती मुख्यतः चरबी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हयातभर केला. त्यांच्या उत्साहाची पुढे पुष्कळ थट्टा झाली. परंतु रोज वाकण्या-उठण्याने स्नायूंना काम देण्याचा त्यांचा आग्रह आजच्या विज्ञानाच्या अंगाने पाहता थट्टेचा विषय उरत नाही. जोर-बैठकांचेही तेच. आहाराच्या बाबतीत दिवसातून दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, यावर काही वर्षांपूर्वी मराठी घरांत पक्ष पडले होते आणि पंक्तीत वाद रंगत होते. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. जी शिस्त घरच्या स्वयंपाकाशी जुळते, ताटातील भात-पोळी कमी करून डाळ, उसळ, ताक, अंडे आणि भाजी वाढविते, आणि पाच वर्षे पाळता येते, ती त्या घरापुरती योग्य.

औषधांविषयी मी वैद्यकाचा अधिकार सांगत नाही, पण इतिहास सर्वांसाठी उघडा आहे. फेनफ्लुरामीन हे औषध हृदयाच्या झडपांना इजा करते असे दिसल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेत मागे घेण्यात आले. सिब्युट्रामीनवर भारतात २०११ साली बंदी आली. तरीही 'वनौषधी' म्हणून खपणाऱ्या गोळ्यांत ते मिसळलेले सापडत राहिले. नवी इंजेक्शने याहून निराळ्या प्रतीची आहेत हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. नुसत्या आहार-व्यायामाच्या सल्ल्यावर ठेवलेल्यांचे २.४ टक्के. परंतु इंजेक्शन थांबविल्यावर वर्षभरात त्यातील दोनतृतीयांश वजन परतले. म्हणजे हा खर्च एकदाचा नव्हे, निरंतर चालणारा. जून २०२५ मध्ये हे औषध वजनासाठी भारतात आले तेव्हा महिन्याचा खर्च सतरा हजार रुपयांच्या पुढे होता. मार्च २०२६ ही त्याच्या येथील पेटंटची अखेर. त्यानंतर देशी कंपन्यांचा मार्ग मोकळा होतो आणि किंमत उतरते. किंमत उतरली की जाहिरात वाढते, हेही ओघानेच आले.

इथे एका विसरलेल्या कायद्याची आठवण करून द्यावीशी वाटते. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा १९५४ चा आहे. ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास तो मनाई करतो त्यांच्या परिशिष्टात मधुमेहाबरोबर लठ्ठपणाचेही नाव स्पष्ट लिहिलेले आहे. संसदेने सत्तर वर्षांपूर्वी जे ओळखले ते आज भिंतीभिंतीवर, बसच्या पाठीवर आणि (संपादकांची क्षमा मागून) वर्तमानपत्रांतही राजरोस पायदळी तुडविले जाते. पळवाटही सोपी आहे. तीच पूड 'औषध' न म्हणता 'पूरक आहार' म्हणून विकली की ती २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या दाराने आत येते, तिथला निरीक्षक वेगळा आणि निकष वेगळे. लठ्ठपणा हटविण्याचा दावा करणारी वस्तू कोणत्याही नावाने विकली जावो, तिला १९५४ चाच दंडक लावला पाहिजे. नवा कायदा करण्यापेक्षा ही दुरुस्ती अधिक तातडीची आहे.

आणि शेवटी किंमत, जी अर्थशास्त्राच्या माणसाला आधी दिसते. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग पाहणीत ग्रामीण कुटुंब आपल्या खर्चातील ४.९१ टक्के धान्यावर आणि ९.६२ टक्के पेये व तयार पदार्थांवर खर्च करीत असल्याचे दिसले. जानेवारी २०२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रिया केलेल्या अशा पदार्थांवर आरोग्य-कर लावण्याचा विचार मांडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, ती नेमकी उलट दिशेने. बिस्किटांवरील कर १८ वरून ५ टक्के, बांधीव शेव-फरसाणावरील १२ वरून ५ टक्के. फसफसणाऱ्या गोड पेयांवर ४० टक्के कर लागला खरा; पण पूर्वीचा २८ टक्के कर आणि वरचा १२ टक्के उपकर यांची बेरीजही तेवढीच होती. मौज अशी की, तूरडाळीची शिक्का मारलेली पुडी आणि क्रीम भरलेल्या बिस्किटांचा पुडा आज पाच टक्क्यांच्या एकाच पंक्तीस बसले आहेत. मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसविला आणि पहिल्याच वर्षी त्यांची खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटली. कर पदार्थाच्या नावावर नको, त्यातील साखर, मीठ आणि तेलाच्या प्रमाणावर हवा. आणि त्यातून येणारा पैसा रेशनवर तांदूळ-गव्हासोबत डाळ देण्यास लावावा. गरिबाला पोट भरण्याचे साधन फुकट आणि स्नायू बांधण्याचे साधन बाजारभावाने, ही विभागणी आपणच केलेली आहे.

असे म्हटले की, मोठ्या धोरणाच्या गप्पा मारण्यापेक्षा आपल्या अंगणातले सांगा, असे विचारणारे भेटतात. आमच्या महाविद्यालयाच्या उपाहारगृहाचा ठेका सर्वाधिक भाडे देणाऱ्यास मिळतो; ते भाडे तळणीतूनच निघू शकते. भाडे थोडे कमी घ्यावे आणि रोज मोड आलेली उसळ, उकडलेली अंडी व बिनसाखरेचा चहा स्वस्तात ठेवण्याची अट घालावी, अशी सूचना मी लेखी दिली. 'उत्पन्नात घट संभवते' असा शेरा घेऊन तो कागद हिशेब विभागातून परत आला आहे. त्याच्या टंकलिखित प्रतीवर सही आहे ती त्याच वरिष्ठ लिपिकांची. त्यांनी पतसंस्थेकडे दुसऱ्या कर्जाची चौकशीही केली आहे, या खेपेस इंजेक्शनासाठी.