टेंडर भरायच्या आधी संघटनेची पावती फाडा



"सर, सरकारी कामात उतरू का?" ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न एक-दोन जण तरी विचारतातच. कुणी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला असतो, कुणाकडे घरचा ट्रॅक्टर किंवा जेसीबी असतो, कुणाची ग्रामपंचायतीत ओळख असते. सिमेंटचा रस्ता, शाळेची खोली, गटार, संरक्षक भिंत, पाण्याची टाकी अशी कामं डोळ्यासमोर असतात. आणि मनात एक हिशेब पक्का असतो, की सरकार काही पळून जाणारं गिऱ्हाईक नाही, पैसे आज ना उद्या मिळणारच.

माझं उत्तर सरळ आहे. जरूर उतरा, पण टेंडर भरायच्या आधी तुमच्या जिल्ह्यातल्या कंत्राटदार संघटनेचे सभासद व्हा. आणि नुसती वर्गणी भरून गप्प बसू नका, संघटनेला प्रश्नही विचारा. या दोन्ही गोष्टी का करायच्या, ते आज सांगतो.

"आज ना उद्या" किती महाग पडतं?

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, जीएसटी सोडून २० लाखांचं काम आहे. माल, मजुरी, मशीन, डिझेल धरून १७ लाख खर्च आला. कागदावर नफा ३ लाख. हे १७ लाख तुम्ही बाजारातून महिना २ टक्क्यांनी उचलले असतील, तर महिन्याला ३४ हजार व्याज झालं. नऊ महिने बिल थकलं की व्याज ३ लाख ६ हजार. म्हणजे नफा गेला आणि वर ६ हजार खिशातले गेले. बँकेचं कर्ज वर्षाला १२ टक्क्यांनी असेल, तर हीच वेळ अठराव्या महिन्यात येते. एवढाच फरक.

त्यात बिल हातात येताना कापून येतं. आयकराचा टीडीएस, जीएसटीचा २ टक्के टीडीएस, १ टक्का कामगार कल्याण उपकर, गौण खनिजाची रॉयल्टी आणि सुरक्षा अनामत. टीडीएस नंतर तुमच्या खात्यात जमा दिसतो, अनामत दोषदायित्व कालावधी संपल्यावर परत मिळते. पण आज मजुरांचा पगार द्यायचा असतो, तेव्हा हे पैसे तुमच्या हातात नसतात.

माझं स्वतःचं दुकान आहे, त्यामुळे ही साखळी मला दुसऱ्या टोकाकडूनही दिसते. कंत्राटदाराचं बिल अडकलं की सिमेंटवाल्याची, हार्डवेअरवाल्याची, पाईपवाल्याची उधारी अडकते. डिझेल पंपाचा हिशेब थांबतो. गावाकडून आलेला मिस्त्री सणाला हात हलवत परत जातो. सरकारी बिल हे एकट्या कंत्राटदाराचं कधीच नसतं, त्याच्यामागे अर्धा बाजार उभा असतो.

संघटना काय करते?

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कंत्राटदार आणि अभियंत्यांच्या संघटनांनी काम बंदचा इशारा दिला. सार्वजनिक बांधकाम, ग्रामविकास, जलसंपदा, जलजीवन मिशन अशा विभागांकडे मिळून सुमारे ८९ हजार कोटी रुपये थकले आहेत, असा त्यांचा दावा होता. हा आकडा संघटनांचा आहे, हे लक्षात ठेवा. पण एकट्या माणसाची १२ लाखांची थकबाकी ही त्याची वैयक्तिक रड असते, आणि सगळ्यांची मिळून तीच थकबाकी राज्याच्या अर्थकारणाचा प्रश्न होते. हे काम फक्त संघटनाच करू शकते.

बाकीही कामं आहेत, ती पेपरात येत नाहीत. लहान कामांच्या वाटपात सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांचा ३३:३३:३४ असा वाटा ठरलेला आहे. पण दहा लहान कामं एकत्र करून एक मोठं टेंडर काढलं, की हा वाटा कागदावरच राहतो. नवीन माणूस मोठ्या टेंडरच्या अटीतच बसत नाही. या क्लबिंगच्या विरोधात बोलणारी संघटनाच असते. १८ जुलै २०२२ पासून सरकारी बांधकामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, तेव्हा चालू कामांवरचा वाढीव ६ टक्के कर कोणी सोसायचा हा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी एकटा माणूस कार्यालयात गेला तर "वरून परिपत्रक आलं नाही" एवढंच ऐकून परत येतो.

म्हणून मी म्हणतो, वर्गणी हा खर्च धरू नका. टेंडर फॉर्मच्या फीसारखीच ती धंद्याची फी आहे.

४५ दिवसांची छत्री आपल्या डोक्यावर नाही

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण इथे बरेच जण फसतात. "सर, उद्यम नोंदणी केली आहे, ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात ना?" २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे, हे बरोबर. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे, हेही बरोबर. पण माल आणि मजुरी एकत्र असलेलं बांधकामाचं कंत्राट, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, या तरतुदीत बसत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत.

आणि आम्हा दुकानदारांचं काय? जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा फायदा बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. थकीत बिलावरचं संरक्षण व्यापाऱ्याला नाही.

म्हणजे बघा, रस्ता बांधणारा छत्रीबाहेर आणि त्याला सिमेंट उधार देणाराही छत्रीबाहेर. पाऊस मात्र दोघांच्याच डोक्यावर. हा कायदा संसदेचा आहे, मुंबईत मोर्चा काढून तो बदलणार नाही. त्यासाठी राज्यातल्या संघटनांनी व्यापारी संघटनांना सोबत घेऊन दिल्लीत पाठपुरावा करायला हवा. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियासारखी १९४१ पासूनची देशपातळीवरची संस्था आहे, तिच्या शाखा आपल्या शहरांत आहेत. रस्ता आहे, चालायला हवं.

पैसे मागा, पण नियमही मागा

इथे माझा संघटनांशी थोडा मतभेद आहे. दरवर्षी मार्च जवळ आला की निवेदन, धरणं, काम बंद. मग थोडा निधी सुटतो, पाच-दहा टक्के वाटप होतं, आंदोलन थंड होतं. पुढच्या मार्चला पुन्हा तेच. उधारी वसूल करायची ही पद्धत कुठल्याही दुकानदाराला परवडणार नाही. आम्ही काय करतो? पुढचा माल द्यायच्या आधीच अट घालतो.

संघटनांनीही अट घालावी. माझ्या मते चार मागण्या पुरेशा आहेत.

पहिली, निधीची प्रत्यक्ष तरतूद असल्याशिवाय कार्यारंभ आदेश निघू नये. प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे तिजोरीत पैसे आले असं होत नाही.

दुसरी, मंजूर बिलांची तारखेनुसार यादी प्रत्येक विभागाने जाहीर करावी आणि पैसे त्याच क्रमाने द्यावेत. रेशनच्या रांगेत जो न्याय आहे, तो बिलाच्या रांगेत का नसावा?

तिसरी, ठरलेल्या मुदतीनंतर व्याज आपोआप लागावं, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागू नये.

चौथी, सब-कॉन्ट्रॅक्टरची नोंद कामाच्या कागदावर व्हावी. आज काम करणारा पोरगा एक असतो आणि सरकारी दप्तरात नाव दुसऱ्याचं असतं. पैसे अडकले की विभाग म्हणतो, "आम्ही तुम्हाला ओळखतच नाही." आणि कागदावर ते खरंही असतं.

हे अशक्य आहे असं समजू नका. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९८२ मध्येच वेळेत पैसे देण्याचा कायदा केला. तिथे बांधकामाच्या चालू बिलासाठी साधारण १४ दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर व्याज लागतं, आणि मुख्य कंत्राटदाराला पैसे मिळाल्यावर सब-कॉन्ट्रॅक्टरला ७ दिवसांत द्यावे लागतात.

लोक आपल्या बाजूने का उभे राहत नाहीत?

शेतकऱ्याचं आंदोलन झालं की लोक हळहळतात. कंत्राटदारांचं आंदोलन झालं की लोक म्हणतात, "आधी खड्डे बघा, मग बिल मागा." हे ऐकून राग येतो, पण लोकांना उत्तर द्यायचं काम संघटनेचंच आहे.

अमेरिकन पब्लिक वर्क्स असोसिएशन ही संस्था बघा. १९३७ पासून ती या नावाने आणि रूपाने चालते, अमेरिका आणि कॅनडात तिच्या प्रादेशिक शाखा आहेत, आणि तिच्यात सरकारी अभियंते आणि खासगी कंपन्यांची माणसं एकत्र बसतात. तीही सरकारकडे निधीसाठी पाठपुरावा करते. पण सोबत प्रशिक्षण देते, कामाची मानकं तयार करते, आणि १९६० पासून दर मे महिन्यात एक आठवडा सार्वजनिक कामांबद्दल लोकांशी बोलण्यासाठी राखून ठेवते. जमिनीखालच्या लाईन दाखवायला तिथे जे रंग वापरतात, म्हणजे विजेला लाल, गॅसला पिवळा, टेलिफोनला नारिंगी, पिण्याच्या पाण्याला निळा, ड्रेनेजला हिरवा, ती रंगांची पद्धतही याच संस्थेच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने "कॉल बिफोर यू डिग" नावाचं ॲप आणलं, खोदण्याआधी खालच्या केबल-पाईपच्या मालकांना कळवण्यासाठी. आपल्या एखाद्या जिल्हा संघटनेने ठरवलं की आमचा एकही सभासद या ॲपवर कळवल्याशिवाय जेसीबी लावणार नाही, तर पाणी तुटल्यावर शिव्या घालणारं गाव उद्या संघटनेचं नाव आदराने घेईल.

आणि एक कडू गोष्ट. संघटनेच्या नावाखाली "हे टेंडर तू भर, ते मी भरतो" असं ठरत असेल, तर तिथून सरळ उठून या. याला बाजारात रिंग म्हणतात, आणि २००२ च्या स्पर्धा कायद्यात हा गुन्हेगारीसारखाच गंभीर मानलेला गैरव्यवहार आहे, त्याला मोठा दंड आहे. जी संघटना रिंग चालवते, तिला बिलाच्या रांगेत न्याय मागायचा हक्क राहत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

सभासद व्हायच्या आधी संघटनेच्या कार्यालयात जा आणि विचारा. वार्षिक सभा होते का? हिशेब वाचून दाखवतात का? गेल्या वर्षी कुठल्या विषयावर निवेदनं दिली आणि त्यांचं काय झालं? नवीन सभासदाला मोजमाप पुस्तिका, दरसूची, ई-टेंडर हे शिकवायची काही सोय आहे का? उत्तरं गुळमुळीत मिळाली तर दुसरी संघटना बघा, बहुतेक जिल्ह्यांत एकापेक्षा जास्त असतात.

काम घेताना, ते कुठल्या लेखाशीर्षाखाली आहे आणि त्या शीर्षाची आधीची बिलं किती महिने थांबली आहेत, हे जुन्या सभासदाला विचारा. ही माहिती कुठल्याही पोर्टलवर मिळणार नाही, ती चहाच्या टेबलावर मिळते. दर टाकताना किमान सहा महिन्यांचं व्याज खर्चात धरा. ते धरून टेंडर बसत नसेल, तर ते काम तुमचं नाही. शेजारी २५ टक्के बिलोने भरतोय म्हणून तुम्ही भरू नका, फार खाली गेलात तर जादा अनामतही भरावी लागते.

दुसऱ्याच्या नावावर काम करत असाल तर निदान स्टॅम्प पेपरवर लेखी करार करा आणि पैसे बँकेतूनच घ्या. आणि पहिली दोन वर्षं सरकारी कामावर सगळं घर टांगू नका. खासगी कामं, दुकान, मशीन भाड्याने देणं, काहीतरी रोखीचं चालू ठेवा.

सरकारी काम वाईट नाही. त्यातूनच गावात शाळा उभी राहते आणि तुमच्या हाताखाली दहा घरं चालतात. पण या धंद्यात एकटा माणूस फार लवकर दमतो, आणि दमलेला माणूस शेवटी पडेल त्या किमतीला तडजोड करतो. सभासद फी काही हजारांची असेल. तेवढ्यात तुम्हाला रांगेत उभे असलेले बाकीचे लोक भेटतात, आणि रांग कुणी मोडली तर ओरडायला तुम्ही एकटे नसता.

तुमच्या जिल्ह्यात असं काम करणारी चांगली संघटना असेल तर मला जरूर कळवा. पुढच्या व्हिडिओत आपण मोजमाप पुस्तिका कशी वाचायची ते बघणार आहोत, वही-पेन घेऊन बसा.