आजीबाईंची तक्रार आणि व्हॉल्व्हचा गोडवा

सांगलीच्या एका भगिनींचें पत्र या महिन्याच्या लेखास निमित्त झालें आहे. त्या लिहितात कीं, त्यांचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत असून यंदाच्या सुटींत घरीं व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर बांधण्याचा त्यांनीं निश्चय केला आहे. कारण असें : आजोबा कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनाच्या चार कॅसेटी घरांत होत्या. त्या एका दुकानांत देऊन त्यांच्या फायली करून घेतल्या, आणि आतां तें कीर्तन मोबाइलवर लागतें. परंतु आजीबाई ऐकून मान हालवितात व म्हणतात, "हा त्यांचा आवाज नव्हे." नातवाचें निदान असें कीं, आंकड्यांच्या ध्वनिमुद्रणांत जीव नसतो, व्हॉल्व्हमधून नेल्यास तो परत येईल. त्याकरितां माळ्यावरचा जुना रेडिओ फोडून त्यांतील व्हॉल्व्ह काढावयाचें ठरलें आहे. मातोश्रींचे प्रश्न दोन : यांत विजेचा धोका किती, आणि या खटाटोपानें सासूबाईंचें समाधान होईल काय?

दुसरा प्रश्न मोठा आहे. पण यंत्र समजल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग चालू केला तें साल १९०४. त्याच सालीं इंग्लंडांत फ्लेमिंग यांनीं पहिला व्हॉल्व्ह सिद्ध केला. कांचेच्या नळींतील हवा काढून घ्यावयाची, आंत एक तार तापवावयाची, व तिच्यासमोर धातूचा एक पत्रा ठेवावयाचा. तप्त तारेंतून निघालेले विद्युत्कण पत्र्याकडे धांवतात, उलट मात्र येत नाहींत. पुढें दोन-तीन वर्षांत अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं या दोहोंमध्यें तारेची जाळी बसविली, आणि खरें नवल तेथें घडलें. आमच्याकडे नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे असतात. त्यांतले बरगे काढण्या-घालण्यास चार माणसांचें बळ पुरतें, पण त्या बळानें अडतो किंवा सुटतो तो साऱ्या नदीचा लोंढा. ही जाळी म्हणजे तो बरगा. तिच्यावर आलेला गाण्याचा क्षीण विद्युद्दाब पत्र्याकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहास आपल्या तालावर नाचवितो. क्षीणाचें बलवान् करणें हेंच व्हॉल्व्हचें काम.

आतां मोबाइलमध्यें गाणें कोणत्या रूपानें असतें तें पाहूं. सीडीच्या पद्धतींत ध्वनिलहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजतात व प्रत्येक मोजणी सोळा स्थानांच्या संख्येनें लिहितात. प्रत्येक स्थानीं शून्य किंवा एक. पिंगलाच्या छंदःशास्त्राशीं परिचय असणाऱ्यांस यांत नवें कांहींच नाहीं. सोळा अक्षरांच्या चरणांत लघु-गुरूंचे जितके प्रस्तार होतात तितक्याच उंची येथें लिहितां येतात, म्हणजे ६५,५३६. या संख्या गाणें नव्हेत, गाण्याचें लेखन होत. आमच्या इचलकरंजीचें नांव ज्यांच्यामुळें सर्वतोमुखी झालें त्या बाळकृष्णबुवांचे (१८४९-१९२६) शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं स्वरलिपि तयार केली. ती वाचून कोणी तरी गावें लागतें. येथें वाचण्याचें काम 'डॅक' नांवाचा एक चिमुकला तुकडा करितो व संख्यांची पुन्हां विद्युल्लहर बनवितो. कागदावरच्या स्वरलिपींतून मींड निसटते, आवाजाची जात निसटते. येथें मात्र वीस हजार कंपनांपर्यंतचें, म्हणजे मनुष्याच्या कानास जें जें ऐकूं येतें तें सर्व, परत मिळतें. तेव्हां आंकड्यांत जीव नसतो हा चिरंजीवांचा सिद्धान्त मला मान्य नाहीं. लिहिणाऱ्यानें नीट लिहिलें असेल तर वाचणारा नीट वाचतो.

आणि आतां एक गैरसोयीची गोष्ट. प्रीअँप्लिफायर निघाला तो ग्रामोफोनच्या व टेपच्या काळांत. तबकडीवर फिरणाऱ्या सुईपासून मिळणारी वीज व्होल्टाचा कांहीं हजारावा भाग असे. ती वाढविल्यावांचून मोठ्या अँप्लिफायरास तिची दादही लागत नसे. सीडीच्या यंत्रांतून अथवा चांगल्या डॅकमधून मात्र दोन व्होल्ट येतात, आणि बहुतेक अँप्लिफायरांस पूर्ण आवाजासाठीं एक व्होल्टाच्या आसपास पुरे होतो. म्हणजे तहानेहून पाणी अगोदरच अधिक! ईसीसी ८२ जातीच्या व्हॉल्व्हचा एक अर्धा भाग, पत्र्याकडे ४७ हजार ओहम व कॅथोडखालीं एक हजार ओहमचा रेझिस्टर लावला असतां, आवाज सुमारें अकरा पट करितो. दोनाचे बावीस व्होल्ट करावयाचे आणि मग रेझिस्टर लावून ते पुन्हां एकावर आणावयाचे, हा उघड द्राविडी प्राणायाम आहे.

मग लोक तो कां करितात? गोडव्यासाठीं, आणि हा गोडवा केवळ भास नव्हे. व्हॉल्व्ह आवाज वाढवितांना त्यांत थोडी भर घालतो. षड्ज आंत गेला तर त्याच्यासह दुप्पट कंपनांचा तार षड्ज बाहेर येतो, व त्याहून अल्प प्रमाणांत तिप्पट कंपनांचा, म्हणजे तार सप्तकांतला पंचम. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात ती अशाच वरच्या स्वरांना जागें करण्यासाठीं. म्हणून ही भर आपल्या कानास परकी वाटत नाहीं. पण ती भर आहे, मूळचें सत्य नव्हे, हें विसरूं नये. शिवाय अब्दुल करीमखांसाहेबांच्या (१८७२-१९३७) तबकड्या घ्या. १९२५ नंतर ध्वनिमुद्रण विजेच्या साह्यानें होऊं लागलें आणि तें व्हॉल्व्हच्याच अँप्लिफायरांतून. खांसाहेबांच्या १९३० नंतरच्या तबकड्यांवर व्हॉल्व्हचा हात एकदां फिरलेलाच आहे. त्यावर पुन्हां फिरविणें म्हणजे जिलबीवर साखर पेरणें.

माझा एक जुना विद्यार्थी मागाच्या मोटारी रिवाइंड करण्याचा धंदा करितो. त्याच्या साह्यानें मीं असें यंत्र बांधलें आहे : एका कानास एक ईसीसी ८२, पहिला अर्धा भाग आवाज वाढविण्यास, दुसरा तो कमी शक्तींत पुढें पोंचविण्यास. त्यांत एक बटण मुद्दाम ठेविलें. तें फिरविलें कीं गाणें व्हॉल्व्हला वगळून सरळ पुढें जातें. बाळकृष्णबुवांचे शिष्य अंतूबुवा जोशी व अंतूबुवांचे चिरंजीव गजाननबुवा (१९११-१९८७). त्या गजाननबुवांचें गाणें लावून घरच्या व शेजारच्या मंडळींस कौल विचारला. प्रथम सर्वांनीं व्हॉल्व्हच्या बाजूनें मत दिलें. मग मीटर लावून दोन्ही बाजूंचा आवाज अगदीं समान केला, तेव्हां मतें फुटलीं, व दुसऱ्या खेपेस तीच माणसें उलट बोलूं लागलीं. जरा मोठें तें जरा गोड, असा कानाचा स्वभाव आहे. ज्यास असें यंत्र बांधावयाचें असेल त्यानें हें बटण अवश्य ठेवावें. दुकानांत मिळणाऱ्या महागड्या यंत्रांत तें क्वचित् असतें, आणि कां नसतें हें सुज्ञांस सांगणें नलगे.

आतां धोक्याविषयीं. व्हॉल्व्हच्या पत्र्यास सुमारें दोनशें व्होल्टांचा एकदिश दाब लागतो. हा दाब प्राण घेऊं शकतो, आणि बटण बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत तो शिल्लक राहतो. म्हणून कंडेन्सरास समांतर २२० हजार ओहमचा रेझिस्टर कायमचा जोडावा, म्हणजे दोन-तीन मिनिटांत तो रिता होतो. तरीही हात घालण्यापूर्वीं मीटरनें पाहावें. यंत्र चालू असतां मोजणी करावयाची तर एकाच हातानें करावी व दुसरा खिशांत ठेवावा, म्हणजे वीज छातींतून जाण्याचा मार्ग राहत नाहीं. (धोतर नेसणारांनीं तो पाठीमागें ठेवावा.) पत्र्याची बंद पेटी, तिला पक्कें अर्थिंग, तीन पिनी प्लग, फ्यूज व घरच्या मुख्य फळ्यावर गळती होतांच वीज तोडणारें स्विच, इतकें असल्यावांचून लहान मुलांच्या घरांत हें यंत्र नसावें. मातोश्रींनीं या पांच गोष्टी स्वतः पाहून घ्याव्या; त्यांस विद्युत्शास्त्र यावें लागत नाहीं.

दाब मिळविण्याची एक सोपी युक्ति आहे. बाजारांत मिळणारे २३० चे १२ व्होल्ट करणारे दोन ट्रान्सफॉर्मर घेऊन त्यांच्या बारा व्होल्टांच्या बाजू एकमेकींस जोडाव्या. मध्यें मिळणाऱ्या बारा व्होल्टांवर व्हॉल्व्हची तार तापते (चौथी व पांचवी पिन), आणि दुसऱ्याच्या पलीकडे दोनशेंच्या जवळपास व्होल्ट निघतात. ते एकदिश केल्यावर पावणेतीनशेंच्या घरांत जातात व एका रेझिस्टरनें खालीं आणतां येतात. कंडेन्सर साडेचारशें व्होल्टांचे घ्यावे. ट्रान्सफॉर्मर टाळून भिंतींतील वीज सरळ एकदिश करण्याचा मोह कोणी सुचविला तर त्यास नमस्कार करावा.

माळ्यावरच्या रेडिओस मात्र हात लावूं नये. त्यांत बहुधा ईसीसी ८२ सांपडणारही नाहीं. रेडिओच्या व्हॉल्व्हची कामें निराळीं, त्यांच्या पिनांची मांडणी निराळी. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्स (स्थापना १९५४) हा सरकारी कारखाना बेंगळूरास व्हॉल्व्ह करीत असे. आतां ते स्लोव्हाकिया, रशिया, चीन येथून येतात व सहज मिळतात. उलट तो रेडिओच जाणकाराकडून दुरुस्त करून घेतला, तर पुष्कळ जुन्या रेडिओंच्या पाठीमागें ग्रामोफोन जोडण्याची दोन भोकें असतात, तेथें मोबाइल जोडतां येतो. एक अट आहे : रेडिओ ट्रान्सफॉर्मरचा हवा. एसी-डीसी दोहोंवर चालणाऱ्या जुन्या संचांची चॅसी थेट भिंतींतील विजेशीं जोडलेली असे. त्यास मोबाइल लावणें म्हणजे यमाशीं सलगी. आणि वर्षांनुवर्षें बंद असलेला संच एकदम चालू न करतां प्रथम सिरीज बोर्डावर दिव्याच्या आडून करावा.

जोडणीचीं दोन सूत्रें. मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवून कमी-अधिक प्रीअँप्लिफायरवर करावें, म्हणजे सोळा स्थानांपैकीं एकही वायां जात नाहीं. संगणक जोडला असतां घूंऽऽ असा पन्नास कंपनांचा स्वर येऊं लागला, तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा नसून अर्थिंगचा असतो : संगणकाचें एक व अँप्लिफायरचें एक अशा दोन अर्थिंगांचें वर्तुळ पुरें होतें. अर्थिंग तोडणें हा त्यावर उपाय नव्हे, तो अपघाताचा प्रारंभ होय. प्रकाशाच्या तारेनें, ज्यास ऑप्टिकल म्हणतात तिनें, संख्या डॅकपर्यंत न्याव्या. कांचेंतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाहीं, आणि वर्तुळ आपोआप तुटतें.

आतां आजीबाई. माझें मत असें कीं त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें असण्याचा संभव आहे. पन्नास वर्षें ऐकलेल्या आवाजाविषयीं त्यांचा कान कोणत्याही मीटरहून विश्वसनीय समजावा. मात्र शंका व्हॉल्व्हवर न घेतां कॅसेटीवर घ्यावी. कॅसेट सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर या गतीनें फिरावी अशी योजना आहे; पण यंत्राचा पट्टा सैल झाला किंवा मोटारीची गति बिघडली कीं ती मंद अथवा शीघ्र होते. गति शेंकडा सहा वाढली कीं सर्व गाणें अर्धा स्वर, म्हणजे पेटीची एक पट्टी, वर चढतें. आणि नुसता स्वरच चढत नाहीं, माणसाचा आवाज बदलतो, वय बदलतें. ज्या दुकानानें फायली केल्या त्याचें यंत्र तीन टक्के जरी शीघ्र असलें तरी परक्यास कळणार नाहीं, पत्नीस कळेल.

तपासणें सोपें आहे. कीर्तनांत साथीला पेटी असतेच. आणि तीच पेटी घरांत असेल, तर फाईल लावून आजोबांचा षड्ज तिच्यावर शोधावा. तो नेमका एका पट्टीवर बसला आणि ती आजोबांची नेहमींची पट्टी असली, तर गति बरोबर. दोन पट्ट्यांच्या मध्यें लोंबकळला, तर यंत्र चुकलें. त्या फायलीची गति संगणकावर टक्क्यांनीं कमी-अधिक करतां येते. पण त्याहून बरें म्हणजे मूळ कॅसेटी जपून ठेवल्या असतील तर नीट दुरुस्त केलेल्या यंत्रावर त्या पुन्हां उतरवून घ्याव्या, हेडचा कोन स्क्रूनें हळूहळू फिरवून टाळांचा आवाज सर्वांत लखलखीत येईल तेथें ठेवावा, आणि खरखर काढण्याचा कार्यक्रम चालवूं नये. तो खरखरीबरोबर श्वासही पुसतो. फाईल दाबून लहान केलेली नसावी.

दुसरें कारण मोबाइलचा स्पीकर. पुरुषाच्या आवाजाचा पाया शंभर-दीडशें कंपनांच्या आसपास असतो. अंगठ्याएवढ्या स्पीकरांतून तो निघतच नाहीं, केवळ वरचे स्वर निघतात. तेव्हां चिरंजीवांनीं सुटींतले पहिले आठ दिवस कॅसेटींस द्यावे, व खर्चाचा मोठा वांटा आठ इंची स्पीकरच्या बऱ्या लांकडी पेटीस. व्हॉल्व्ह नंतर खुशाल बांधावा. बांधण्यांत आनंद आहे आणि अंधारांत तांबूस पेटलेली तार पाहण्यासही बरी दिसते. प्रीअँप्लिफायर आधीं लावून एक मिनिटानें मोठा अँप्लिफायर लावावा, बंद करतांना मोठा आधीं. नाहीं तर स्पीकरमध्यें दणका बसतो व आजीबाई दचकतील.