फितीची जबाबदारी

एनसीसीतल्या हुद्द्यांवर आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत विचारी माणसेही आहेत. मुलांना कवायत शिकवा, शिस्त लावा, नेमबाजी शिकवा, असे ते म्हणतात. पण वर्गातल्याच एकाच्या दंडावर तीन फिती लावून त्याने हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी टाच आपटायची, हे इंग्रजी पलटणीचे उष्टे लोकशाही देशाने का जपावे? लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट ही नावे इंग्रजांची हे खरेच. परंतु एनसीसी उभी केली ती स्वतंत्र भारताने. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशींवरून 1948 साली संसदीय कायदा झाला आणि जाणत्यांनी हुद्द्यांची उतरंड ठेवली. शिवाय हुद्दा ही केवळ लष्करी खोड असती, तर समाजवादी वळणाच्या संघटनांनी ती केव्हाच टाकली असती. 1941 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाइतका समतेचा आग्रह क्वचितच कोणी धरला असेल. त्या दलालाही दलप्रमुख लागला आणि ती धुरा एस. एम. जोशींनी वाहिली. मुलांचा जमाव एकत्र काम करू लागला की कोणीतरी पुढे होतोच. तो आरडाओरडा करून पुढे झालेला असावा की रीतसर नेमलेला आणि जाब देणारा असावा, एवढाच प्रश्न उरतो.

हुकूमशाहीची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 1930च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आयोवा येथे कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवर प्रयोग केले. नेता हुकूमशहासारखा वागे त्या गटात काम होई, पण त्याची पाठ वळली की ढेपाळे. मुले एकतर मलूल होत किंवा एकमेकांवर उखडत. नेता मुलांना विचारात घेई तिथे तो खोलीबाहेर गेल्यावरही काम चालू राही. आक्षेपक इथवर सांगून थांबतात. त्याच प्रयोगात तिसराही प्रकार होता : नेत्याने सगळे मुलांवर सोडून द्यायचे. तिथे काम सर्वांत कमी झाले आणि कच्चेही झाले. म्हणजे नेतृत्वच नसावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. नेता कसा वागतो हे कळीचे ठरते, आणि तसे वागणे लहान वयात, चुका सावरणारी मोठी माणसे जवळ असताना शिकावे लागते.

एनसीसीच्या दहा दिवसांच्या शिबिरात हे शिक्षण कसे होते ते पाहावे. पहाटे फॉल-इन झाले की सार्जंटने नफरी मोजायची आणि हजर किती, आजारी किती, गैरहजर किती हा रिपोर्ट वर द्यायचा. आकडा चुकला तर बोलणी त्याला. कंपनी क्वार्टर मास्टर सार्जंट असलेल्या मुलाने चादरी, ताटे मोजून घ्यायची. परत करताना एक चादर कमी भरली तर पहिला प्रश्न त्याला. रांगेतल्या मुलाचा बूट फाटलेला असेल तर तो सर्वांत आधी सार्जंटच्या ध्यानात यायला हवा. अधिकार आणि जाब यांची अशी गाठ शाळेतल्या दुसऱ्या कुठल्या तासाला पडते?

वाशिमसारख्या जिल्ह्यात या गोष्टीचे मोल अधिक आहे. 1998 साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा 2018 साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. इथल्या गावांत कोणी बोलायचे आणि कोणी ऐकायचे, हे फार ठिकाणी आडनाव, शेतीचे एकर आणि घराण्याचे राजकारण ठरवते. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातली शेतमजुराची मुलगी आपल्या कामावर सार्जंट होते आणि बागायतदाराचा मुलगा तिच्या ‘सावधान’वर सावधान होतो, तेव्हा गावाची उतरंड तेवढ्या वेळापुरती मोडते. सगळ्यांना सारखाच गणवेश दिल्याने हे साधत नाही. गणवेशाखाली आडनाव तसेच राहते. अधिकार हाती आला म्हणजे ते मागे पडते.

सर्वांत वजनदार आक्षेप वशिल्याचा. फीत गुरुजींच्या मर्जीवर मिळाली तर वरचे सारे विवेचन फोल आहे, हे मी बिनशर्त मान्य करतो. हुद्द्याच्या जोरावर धाकट्यांकडून कपडे धुऊन घेणाऱ्या मुलाची फीत त्याच दिवशी उतरवली पाहिजे. पण वशिला लागतो म्हणून हुद्दाच रद्द करायचा, तर शाळेतली बक्षिसे आणि गुणही रद्द करावे लागतील. एनसीसीच्या इतिहासातला धडा वेगळा आहे. चीन युद्धानंतर 1963 साली ती महाविद्यालयांत सक्तीची झाली, संख्या फुगली, आणि 1968 साली सक्ती उठवावी लागली. स्वेच्छेने आलेल्या आणि पारखून निवडलेल्या मुलांतच हुद्द्याला अर्थ असतो.

म्हणून वाशिमच्या सहाही तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांना आणि प्राचार्यांना विनंती आहे : हजेरी, कवायत, शिबिरातले वर्तन यांना किती गुण, हे वर्षाच्या सुरुवातीलाच फलकावर लावा, निवड झाल्यावर प्रत्येकाचे गुणही त्याच फलकावर लावा, आणि फीत कोणाला मिळाली याचा जाब विचारण्याचा हक्क शेवटच्या रांगेतल्या कॅडेटलाही द्या.